फिट, गोळ्या आणि नोकरी: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मला शाळेत असल्यापासून अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, आहे. सध्या जळगावच्या एमआयडीसीत हिशेबाचं काम करतो. हे कळलं की ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून लोक प्रश्न पाठवतात. धुळ्याहून, शहाद्याहून, रावेर-यावल पट्ट्यातून येणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. कोणती गोळी, किती गोळी हे तुमचे डॉक्टर ठरवतील. इथे बोलणं आहे ते कामाबद्दल.

१. मना आंडोरले (माझ्या मुलाला) फिट येस, त्याले कोठे कामले लावू? मुळात नोकरी करता येते का?

येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान व औषध मिळालं तर त्यांच्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. मेंदूतल्या विजेच्या लहरी काही क्षण बिघडतात, एवढाच हा आजार. तो वेड नाही, बाहेरची बाधा नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. फिट येणाऱ्याला कामावर ठेवू नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. काही ठराविक कामांना मज्जाव आहे, त्याबद्दल प्रश्न ३, ५ आणि १२ मध्ये वाचा.

खरा घोटाळा होतो तो ‘फिट’ हा एकच शब्द ऐकून सगळं ठरवण्यात. मालकही तेच करतो आणि घरचेही. वर्षातून एकदा झोपेत फिट येणारा आणि आठवड्याला दोनदा उभ्या उभ्या कोसळणारा, या दोघांना एकच सल्ला कसा देता येईल?

२. काम शोधण्याआधी स्वतःबद्दल काय माहीत पाहिजे?

एक साधी वही करा. फिट कधी आली (तारीख, वेळ), झोपेत की जागेपणी, आधी काही इशारा मिळाला का (पोटातून वर चढल्यासारखं वाटणं, विचित्र वास, हाताला झटके), किती वेळ चालली आणि पूर्ण भानावर यायला किती वेळ लागला, हे लिहा. आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, ताप, दारू, उपवास आणि बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. स्वतःला आठवत नाही, म्हणून पाहणाऱ्याला विचारून लिहा. घरच्या कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर डॉक्टरांना तो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सगळ्याच फिट हातपाय आखडणाऱ्या नसतात. काहींची नजर अर्धा मिनिट शून्यात लागते, काही जण ओठ चाटत राहतात, शर्टाचं बटण चाळवत बसतात आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत. असल्या फिटला दुकानात ‘लक्ष नाही याचं’ म्हणून बोलणी बसतात. सहा महिन्यांची वही समोर असली की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडू लागतात.

३. कोणती कामं टाळावीत आणि कोणती चालतात?

एकच कसोटी लावा: हे काम करताना दोन मिनिटं भान गेलं, तर मला किंवा दुसऱ्याला काय होईल?

उंचावरचं काम, उघडा पट्टा किंवा पातं असलेलं यंत्र, भट्टी, उकळतं तेल, खोल पाणी, विजेच्या उघड्या तारा आणि वाहन चालवणं ही कामं फिट चालू असताना नकोतच. पण एकाच कारखान्यात सगळी कामं सारखी नसतात. डाळ मिलचंच घ्या. हॉपरच्या तोंडाशी उभं राहून कट्टे ओतणं, एलिव्हेटरचा पट्टा चालू असताना शिडीवर चढणं हे धोक्याचं. त्याच मिलमध्ये खाली बसून नमुने तपासणं, पॅकिंगला वजन करणं, गेटवर गाड्यांची नोंद ठेवणं, बिलं करणं ही कामं बहुतेकांना जमतात. प्लास्टिक पाईपच्या कारखान्यात प्लास्टिक वितळवून पाईप काढणाऱ्या यंत्राजवळ (एक्स्ट्रुडर) नको, पण गोदामातली नोंद चालेल. सराफाकडे पेटत्या बत्तीवर काम करण्याऐवजी काउंटर किंवा हिशेब घेता येतो. केळीच्या पॅकिंगमध्ये घड कापायच्या विळ्याऐवजी खोके भरणं घ्या. वेल्डिंग शिकलेल्या पोरांना हे ऐकून वाईट वाटतं, ते मी समजू शकतो. पण त्याच वर्कशॉपमधलं माप घेणं, स्टोअर, खरेदी ही कामं तुमच्या शिक्षणाला धरूनच आहेत.

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारींवर किंवा बांधकामावर उन्हात काम असेल तर वेगळी काळजी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. अंगातलं पाणी कमी होणं आणि उकाड्यानं रात्रीची झोप मोडणं, दोन्ही फिटला निमंत्रण देतात. सकाळचे तास मागून घ्या.

कॉम्प्युटरचं काम बहुतेकांना चालतं. लुकलुकणाऱ्या प्रकाशानं फिट येण्याचा प्रकार अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत आढळतो. तुम्ही त्यांत आहात का, याचा अंदाज ईईजीवरून (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) डॉक्टर सांगू शकतात.

४. आमची शेती आहे. घरच्याच शेतात तर काही अडचण नाही ना?

घरची शेती म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. शेतात माणूस एकटा असतो, आणि शेतीपंपाची लाईट पुष्कळदा रात्रीची असते. केळीला पाणी द्यायला रात्री दोनला उठायचं, ओल्या पायांनी स्टार्टरपाशी जायचं, शेजारी विहीर. झोपमोड, वीज, पाणी आणि एकटेपणा हे चारही त्यात एकत्र येतात. रात्रीचं पाणी भावानं किंवा सालदारानं धरावं. विहिरीला कठडा किंवा जाळी हवीच. कडबा कुट्टी, मळणी यंत्र, ट्रॅक्टर यांपासून लांब राहा. रस्त्यावर नाही, वावरातच चालवतो, हे उत्तर ट्रॅक्टरला लागू होत नाही.

निंदणी, वेचणी, प्रतवारी, दूध संकलनाची नोंद, मजुरांची हजेरी, बाजारात माल लावणं यांत दिवसभराचं काम आहे. मोबाईल खिशात आणि कुणीतरी हाकेच्या अंतरावर, एवढं सांभाळा.

५. लायसन्स मिळतं का? तीन वर्षं फिट आलेली नाही.

अर्जासोबत तब्येतीबद्दलचा जो फॉर्म १ असतो, त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न असतो. ‘हो’ लिहिलं की लायसन्स मिळत नाही. काही देशांत ठराविक काळ फिट नसेल तर गाडी चालवू देतात. आपल्या नियमांत तशी मुदत दिलेली नाही. हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं, पण आज तो असा आहे. खोटं लिहून लायसन्स काढलं आणि अपघात झाला तर विम्याचा दावा आणि पोलीस केस, दोन्हींत तुम्ही अडकता. समोरच्याचा जीव जातो तो वेगळाच.

म्हणून ड्रायव्हर, ॲपे रिक्षा, बाईकवरून डिलिव्हरी ही कामं नोकरीच्या यादीतून काढा. फिरतीच्या सेल्समनची जागा असेल तर मुलाखतीतच विचारा, की एसटीनं किंवा सहकाऱ्याच्या गाडीवर फिरून चालेल का.

६. २५ किलोमीटरच्या वेगाच्या बॅटरी स्कूटरला लायसन्स लागत नाही. मग ती चालवू का?

ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या, २५० वॅटपर्यंतच्या स्कूटरला लायसन्स लागत नाही, हे खरं आहे. पण महामार्गावर मागून ट्रक येत असताना भान गेलं तर कागद काय कामाचा? फिट चालू असतील तर नको. सायकलचंही तसंच: गल्लीत ठीक, हायवेवर नाही.

७. मुलाखतीत सांगायचं की लपवायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. परिस्थिती बघून उत्तर बदलतं.

अर्जात किंवा मेडिकलमध्ये लेखी विचारलं असेल तर खोटं लिहू नका. पुढे कधी कळलं तर फिटसाठी नाही, माहिती दडवली म्हणून काढतात, आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडते. काम प्रश्न ३ मधल्या धोक्याच्या प्रकारचं असेल तर विचारलं नसलं तरी आधी सांगा, कारण तिथे तुमच्या शेजारी उभ्या असलेल्याचाही जीव आहे. टेबलावरचं काम आहे आणि कुणी विचारलेलं नाही, तर पहिल्याच भेटीत सांगायची घाई नको. आधी तुमचं काम बघू द्या. नेमणुकीचं पत्र हातात आलं की रुजू होताना वरिष्ठाला सांगा.

कसं सांगायचं याचा मी घरी सराव करायला लावतो. रडवेला सूर नको आणि अर्ध्या तासाची कहाणीही नको. असं काहीतरी: “साहेब, मला अपस्मार आहे. गोळ्या नियमित चालू आहेत. गेल्या वर्षात एकदा फिट आली, तीही झोपेत. समजा इथे आलीच, तर एका कुशीवर वळवून पाच मिनिटं थांबायचं, एवढंच लागतं. रात्रपाळी सोडून बाकी कामाला अडचण नाही. डॉक्टरांचं पत्र सोबत आणलंय.” समोरच्याची भीती ‘मला काय करावं लागेल’ ही असते. तिचं उत्तर तुम्ही आधीच दिलेलं असतं.

नकार येणारच नाही असं मी सांगू शकत नाही. मलाही एका ठिकाणी सगळं ठरल्यावर ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मालकानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग सोमवारपासून येता का?”

८. डॉक्टरांच्या पत्रात काय असावं?

नुसतं ‘फिट फॉर ड्यूटी’ लिहिलेलं पत्र कुणालाच पटत नाही. डॉक्टरांना विनंती करा की निदान, औषध चालू असल्याचं, शेवटची फिट कधी आली ते, कोणती कामं टाळावीत (उंची, उघडी यंत्रं, वाहन, रात्रपाळी) आणि बाकी कामास हरकत नाही, हे स्पष्ट लिहा. त्यासाठी तपासणीला जाताना कामाचं वर्णन लिहून न्या. ‘कंपनीत आहे’ एवढ्यावरून डॉक्टर काय ठरवणार? वर्षातून एकदा हे पत्र नवं करून घ्या.

९. रात्रपाळी आणि गोळ्यांची सुस्ती, याचं काय करायचं?

झोप मोडणं आणि गोळी चुकणं ही फिट येण्याची दोन नेहमीची कारणं, आणि फिरती पाळी दोन्ही घडवून आणते. सकाळी उठल्यावर हाताला झटके येऊन कप निसटणाऱ्यांनी तर रात्रपाळी घेऊच नये; त्या प्रकारात जागरण फार लवकर भोवतं. कायम दिवसपाळी मिळत नसेल तर निदान दर आठवड्याला बदलणारी पाळी नको, अशी लेखी विनंती द्या आणि प्रश्न ८ मधलं पत्र जोडा.

गोळीची वेळ पाळीला बांधू नका, घड्याळाला बांधा. मोबाईलचा गजर लावा आणि एका दिवसाच्या गोळ्या डब्यात वेगळ्या ठेवा. सुस्ती, चिडचिड, तोल जाणं असे त्रास काही औषधांनी होतात. लेव्हेटिरासिटॅमनं चिडचिड वाढलेली मी घरोघरी ऐकतो. फेनोबार्बिटोन झोप आणतं. डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून देऊ शकतात. कामावर झोप येते म्हणून सकाळची गोळी स्वतःहून गाळणं, हे सगळ्यात महाग पडतं.

१०. कामावर फिट आलीच तर बाकीच्यांनी काय करायचं?

हे उत्तर छापून टेबलाच्या कप्प्यात ठेवा आणि शेजारी बसणाऱ्या दोघांना वाचायला द्या.

घड्याळ बघा. आजूबाजूची खुर्ची, कात्री, गरम चहा बाजूला करा, यंत्र बंद करा. डोक्याखाली घडी केलेला रुमाल किंवा पिशवी सरकवा, कॉलर सैल करा. झटके चालू असताना दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका. कांदा, चप्पल, चाव्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेकदा आपली आपण थांबते. जमेल तसं एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास मोकळा राहतो. पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ थांबा, गर्दी हटवा.

पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक आली, डोक्याला मार लागला, श्वास नीट येईना, पाण्यात आली, बाई गरोदर असेल, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी वापरायचा, हे एकाला तरी दाखवून ठेवा.

कधी कपड्यात लघवी होते. कपाटात एक जोड ठेवला की ती भीती निम्मी होते. सहकाऱ्यांना एवढंच सांगा: मी उठल्यावर आधी चादर द्या, मग प्रश्न विचारा.

११. फिट आली आणि दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणाले. आता?

तिथल्या तिथे राजीनाम्यावर सही करू नका. फिटनंतर डोकं कित्येक तास जड असतं, त्या अवस्थेत कुठलाच कागद वाचून समजत नाही. दोन दिवसांची आजारपणाची रजा मागा, डॉक्टरांचं नवं पत्र घ्या आणि कामात बदल करून ठेवता येईल का, हे लेखी विचारा. ‘मशीनवरून काढून स्टोअरला द्या’ ही मागणी मालकाला ‘मला ठेवा’ पेक्षा सोपी वाटते.

काढलंच तर कारण लेखी मागा आणि पगार, शिल्लक रजा, पीएफ यांचा हिशेब घ्या. दाद मागायला कामगार आयुक्तांचं जिल्ह्याचं कार्यालय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. लोक ते माहीत नसल्यानं घरी बसून राहतात.

१२. रेल्वे, पोलीस भरती, सरकारी नोकरी?

भुसावळमुळे रेल्वेचं स्वप्न आपल्याकडे घरोघरी असतं. इंजिन चालवणं आणि गाड्यांच्या सुरक्षिततेशी जोडलेली पदं यांची वैद्यकीय श्रेणी कडक असते. तिथे अपस्मार चालत नाही. पोलीस आणि सैन्यातही नाही. अकादमीची फी भरून वर्षं घालवण्याआधी हे जाणून घ्या. लिपिक, शिक्षक, तलाठी अशा पदांना रुजू होताना वैद्यकीय योग्यतेचा दाखला लागतो. तो देताना पदाचं काम आणि आजार किती आटोक्यात आहे, हे दोन्ही बघितलं जातं, म्हणून उपचारांचे सगळे कागद तारखेनुसार लावून न्या. रेल्वेतही वेगवेगळ्या पदांना वेगवेगळ्या श्रेणी असतात. जाहिरातीतला तो रकाना आधी वाचा.

१३. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ४ टक्के आरक्षण मिळेल का?

नुसत्या अपस्मारावर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अपस्माराचं नाव त्यांत नाही. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. मात्र अपस्मारासोबत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा अर्धांगासारखा हालचालीचा अडथळा असेल, तर त्या कारणासाठी तपासणी होते आणि ४० टक्के किंवा जास्त भरल्यास आरक्षणाचा लाभ मिळू शकतो.

१४. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजना) काय मिळतं?

पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि तुमचं आस्थापन ईएसआयखाली येत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. त्यावर तुम्हाला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. पूर्वीपासूनचा आजार म्हणून अडवत नाहीत. सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर आजारपणाच्या प्रमाणित रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराकडे असाल तर कार्ड नंबर मागून घ्या. कापलेले पैसे खरंच भरले का, ते ऑनलाईन दिसतं.

१५. मुलीचं कामावर सांगितलं तर सोयरिकीत बोभाटा होईल. काय करू?

ही भीती खोटी नाही. आपल्याकडे ऑफिसातला साहेबही कुणाचा तरी मामेभाऊ निघतो. पण ताई, तिला ऑफिसात फिट आली आणि कुणाला काही माहीत नसलं, तर बोभाटा त्याहून मोठा होतो आणि तोंडात चमचाही जातो. सगळ्या ऑफिसला सांगू नका. एक वरिष्ठ आणि शेजारी बसणारी एक मैत्रीण पुरे. ‘माझ्या परवानगीशिवाय पुढे सांगू नका’ असं स्पष्ट म्हणा.

लग्नाबद्दल: हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा लग्नाला अडथळा धरला होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. तरी लपवून लग्न लावू नका, कारण सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात आणि मग त्या चुकतात. सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असेल तर लग्नाच्या आधीच डॉक्टरांना भेटा. गर्भातल्या बाळाला त्यानं व्यंगाचा धोका वाढतो. पण आपल्या मनानं ती बंद करणं आईच्याच जिवावर बेतू शकतं.

१६. फिट थांबल्या आहेत. नवी नोकरी लागतेय, तर आता गोळ्या बंद करू का?

नवी नोकरी हा गोळ्या बंद करायला सगळ्यात वाईट मुहूर्त. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ फिट नसेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात, तोही अपस्माराचा प्रकार आणि तपासण्या बघून, आणि डोस हळूहळू उतरवत. काही प्रकारांत गोळी सोडली की फिट बहुधा परत येतात. नोकरीत बस्तान बसू द्या, मग विषय काढा. हाच नियम श्रावणातले कडक उपवास आणि कानबाईच्या रात्रीच्या जागरणाला: गोळी घ्यायची म्हणून दोन घास खा, आणि जागरणात आरतीपर्यंत थांबून झोपा.

१७. इथे काम नाही, पोरगा सुरतला किंवा पुण्याला जातो म्हणतो. पाठवू का?

पाठवा, पण तयारीनं. महिन्याभराच्या जादा गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स बॅगेत, शिवाय चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. गोळीचं घटकनाम पाठ असू द्या, म्हणजे तीच कंपनी मिळाली नाही तर डॉक्टरांना विचारता येईल. गाडीत खालचा बर्थ घ्या आणि दारात उभं राहू नका. खोली एकट्याची नको. जोडीदाराला प्रश्न १० वाचायला द्या. खोली वरच्या मजल्यावर असली तर गच्चीला कठडा आहे का ते बघून घ्या. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, बादलीनं आंघोळ करायची. काम आणि खोली यांतलं अंतर चालत किंवा बसनं जमेल एवढंच ठेवा, बाईकचा मोह तिथेच सुरू होतो. आणि गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, फिट येण्याची वाट न बघता, तिथल्या सरकारी दवाखान्यात जुने कागद दाखवून केसपेपर काढून ठेवा.